तांबड्या शाईची जागा

मेरिगेता लाकेव गेले, त्याच्या नवव्या दिवशी मी त्यांच्या झोपडीकडे निघालो. काम साधं होतं. माझी दहा कोरी कातडी त्यांच्याकडे राहिली होती, ती परत आणायची. माणूस गेला की त्याच्या घरात ओल शिरते, आणि ओलीनं कातडं कुजतं. बकऱ्याचं एक कातडं लिहिण्याजोगं करायला मला आठ-नऊ दिवस लागतात. भिजवा, चौकटीला दोरांनी ताणा, मांस खरवडा, केस खरवडा, दगडानं घासा, वाळवा. दहा वेळा केलेलं एवढं काम बुरशीला कोण देईल?

खांद्यावर पोतं टाकलं. रापी कमरेला होतीच. दुपारची वेळ. पावसाळ्यात आमच्याकडे धुकं आभाळातून उतरत नाही, कड्याखालून वर चढतं. आधी पायवाट जाते, मग झाडं, मग चर्चचं छप्पर, आणि शेवटी स्वतःचे हात. लाकेवांची झोपडी चर्चच्या आवाराबाहेर, अगदी कड्याच्या टोकाला. मेरिगेता म्हणजे आमच्यातले चर्चचे पढिक गुरुजी, आणि हा तर पुस्तकं हातानं लिहिणारा माणूस. त्याला उजेड लागतो, शांतता लागते. मी पोचलो तेव्हा उजेड ताकासारखा पांढुरका झाला होता, आणि शांतता इतकी, की माझाच श्वास मला दुसऱ्याचा वाटत होता.

पण मागचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सावकाश सांगतो. मला घाईनं काही येत नाही.

माझी बायको वुबालेम. मी तिला वुबे म्हणायचो. आमच्यात बायका कातड्याच्या कामाला हात लावत नाहीत, वास येतो म्हणतात. ती लावायची. अंगणात दोन चौकटी समोरासमोर उभ्या करायचो आम्ही. मी माझ्या, ती तिच्या. माझं खरवडणं एकसारखं, बैलाच्या चालीसारखं. ती डावखुरी. तिचं वेगळंच चालायचं. दोन आखूड, एक लांब. खर्र, खर्र, खर्रर्र. माझे डोळे झाकून कुणी विचारलं असतं, तरी मी सांगितलं असतं की आता हात तिचा चालतोय.

ती गेली तेव्हा मी घरी नव्हतो. दरीपलीकडच्या बाजाराला कच्ची कातडी आणायला गेलो होतो. जायला दोन दिवस, यायला दोन दिवस. तापानं तिला एका रात्रीत नेलं. आमच्यात सूर्य मावळायच्या आत पुरतात, कुणासाठी थांबत नाहीत. मी आलो तेव्हा मातीसुद्धा सुकली होती.

आणि तिथेच माझं मोठं नुकसान झालं. पुरताना अब्बा, म्हणजे आमचे धर्मगुरू, मेलेल्याचं बाप्तिस्म्याचं नाव मोठ्यानं घेतात. ते मी ऐकलं नाही.

आमच्यात माणसाला दोन नावं असतात. एक हाक मारायचं, ते गावाचं. दुसरं बाप्तिस्म्याचं, ते देवाचं. ते कुणी कुणाला सांगत नाही. वाकड्या माणसाच्या कानी पडलं, तर तो त्या नावावर नको ते करू शकतो. बायको नवऱ्याला सांगत नाही, आणि नवरा विचारत नाही. आई-बाप, बाप्तिस्म्याला मांडीवर घेणारी बाप्तिस्म्याची आई, आणि पापाची कबुली ऐकणारे अब्बा, एवढ्यांनाच ते ठाऊक. पण मेल्यावर चालतं ते तेवढंच. ‘वुबालेम’ म्हणून कितीही प्रार्थना करा, तिकडे मागं वळून कुणी बघत नाही.

त्याच तापात गावातली निम्मी माणसं गेली. तिचे आई-बाप गेले, बाप्तिस्म्याची आई गेली, जुने अब्बा गेले, तिला पुरायला आलेले चार जणही गेले. ज्यांना ते नाव ठाऊक होतं, ते सगळे तिच्या मागोमाग गेले. मी एकदाच त्या नावाच्या जवळ पोचलो होतो. एकदा ती आजारी होती म्हणून तिला पवित्र पाण्याच्या झऱ्यावर नेलं होतं. तिथे अब्बांनी नाव विचारलं आणि ती त्यांच्या कानात पुटपुटली. मी हातभर अंतरावर होतो. शब्द नाही कळला. फक्त श्वास कळला. लांब सुरू झाला, मध्ये थोडा अडखळला, मग मऊ सुटला. कान दिला असता तर ऐकू आलं असतं. पण असं ऐकू नये म्हणतात, म्हणून मी मान वळवली.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी मेरिगेता लाकेवांकडे गेलो. म्हटलं, माझ्या बायकोच्या नावानं एक पुस्तक हवं. मेलेल्यांसाठीच्या प्रार्थनांचं. असं पुस्तक चर्चमध्ये ठेवतात, दरवर्षी तिच्या दिवशी उघडून वाचतात. प्रत्येक प्रार्थनेत एक जागा असते, ‘तुझी दासी अमुक’ अशी. ते अमुक तांबड्या शाईनं लिहायचं.

“नाव काय?” लाकेवांनी विचारलं.

“तेच तर नाही, मेरिगेता.”

त्यांनी बोरू कानावर खोचला. मग म्हणाले, “बरं. जागा मोकळ्या ठेवतो. पुस्तक होईपर्यंत नाव सापडेल कुठेतरी. सगळी कातडी तू दे.”

साठ कातड्यांचं पुस्तक ठरलं. सहा वर्षं चाललं. शेहेचाळीस कातडी लिहून झाली आणि लाकेव थांबले. मी नवीन कातडं घेऊन गेलो की आधीचं कोरंच दिसायचं. दौतींवर, म्हणजे जमिनीत खोचलेल्या त्या दोन शिंगांवर, एक काळ्या शाईचं, एक तांबड्या, पानं झाकलेली. बोरू कानावर तसाच.

“हात दुखतोय का, मेरिगेता?”

“हात नाही रे. हात चालेल. आत काहीतरी बसलंय. चढावर गाढव बसतं तसं. मारा, ओढा, उठत नाही.”

“चौदाच राहिली की.”

“तुला काय होतंय चौदाच म्हणायला! प्रत्येक पानाला भोक आहे, अस्रात. मी पुस्तक नाही लिहीत, जाळं विणतोय. नावच नसलं तर ही प्रार्थना पोचायची कुणाला?”

मला अक्षर येत नाही. पुस्तकातलं मी काय सांगणार? मला माझंच काम ठाऊक. मी म्हटलं, “मी चौकटीला बसतो तेव्हा अख्ख्या कातड्याकडे बघत नाही. बघितलं तर उठून घरी जाईन. तळहाताएवढा तुकडा बघतो. तो झाला की त्याच्या शेजारचा.”

“बकऱ्याशी बोलतोस तसाच माझ्याशी बोलतोस तू.”

“बकरा ऐकून घेतो.”

ते हसले. फार दिवसांनी हसले असावेत, कारण मागोमाग खोकला आला. मग म्हणाले, “उद्यापासून तुझी चौकट इथे आण. भिंतीला लागून बाहेर बस. तू खरवड, मी लिहितो. तुझा आवाज चालू आहे तोवर मी उठणार नाही. माझा थांबला, तर तू शिवी दे.”

“मेरिगेतांना शिवी?”

“बकऱ्याला देतोस तीच दे.”

आणि खरंच ते लिहायला लागले. बाहेर माझी रापी, आत त्यांचा बोरू. मधूनच थांबायचे. मी शिवी दिली नाही कधी, नुसता थांबून राहायचो. मग आतून आवाज यायचा, “खरवड, अस्रात, खरवड.” की मी सुरू, की तेही सुरू.

एक दिवस त्यांनी आतूनच विचारलं, “शेवटच्या पानावर पुस्तकासाठी राबलेल्यांची नावं घालतात. ही माणसं कायमची झोपी जातील तेव्हा त्यांना विसावा दे, असं. माझं घालणार आहे. तुझं सांग.”

मी म्हटलं, “आधी तिचं लिहा, मग माझं.”

“कबूल,” ते म्हणाले. “आधी तिचं, मग तुझं.”

हे दोघांमधलं बोलणं मी तेव्हा थट्टेवारी नेलं.

चौदातली चार झाली. पाऊस लागला, खोकला छातीत उतरला. शेवटच्या दिवशी त्यांनी माझं मनगट धरलं. बोटं काळी, शाई नखांत मुरलेली. एवढंच म्हणाले, “दहा राहिली.” जणू मीच राखून ठेवली होती.

तर त्या नवव्या दिवशी मी ती दहा आणायला गेलो होतो.

झोपडीचं दार लोटलेलं. माझी चौकट बाहेर भिंतीला टेकलेली, तिच्यावर ताणलेलं कातडं तसंच. एका कोपऱ्यात तळहाताएवढा तुकडा खरवडायचा राहिला होता. धुकं थोडं विरेपर्यंत बसावं म्हणून मी दगडावर टेकलो, आणि हात आपोआप रापीकडे गेला. अर्धं काम समोर असलं की मला चैन पडत नाही. दोनचार हात मारले असतील.

आत बोरू सुरू झाला.

कोरड्या कातड्यावर बोरूचा आवाज कसा असतो, ते ज्यानं ऐकलंय त्याला दुसऱ्या कशाचा भास होत नाही. उंदराचा नाही, पालीचा नाही. टोक टेकतं, ओढलं जातं, उचललं जातं. टेकतं, ओढलं जातं, उचललं जातं. मी हात थांबवला. तो थांबला. माझ्या मानेवर धुक्याचं पाणी उतरत होतं. मी पुन्हा एक हात मारला, अगदी हळू. आतही एक ओढ आली, तितकीच हळू.

मग कुणीतरी खोकलं.

मी दार लोटलं. आत कुणी नव्हतं. बसायचं चामडं रिकामं. वास मात्र भरलेला, लाकेवांच्या शाईचा. काजळी, करपवलेले जव आणि डिंक महिनेच्या महिने आंबवून करायचे ते. नऊ दिवसांत दौत सुकायला हवी होती. शिंग काठोकाठ भरलेलं होतं. चामड्यासमोर एक्कावन्नावं कातडं पसरलेलं, त्याच्यावर चार ओळी. मी बोट लावलं. बोट काळं झालं.

पोतं तिथेच टाकून मी पळालो. माझ्या वयाला पळणं म्हणजे काय, पण पळालो.

लाकेवांची बहीण एमाहोय बिर्के खालच्या अंगाला राहायची. नवरा गेल्यावर डोकं झाकून जोगीण झालेली, म्हणून एमाहोय म्हणायचं; जीभ मात्र संसारातलीच. मला बघून म्हणाली, “आलास? तुझा वास केव्हाच आला होता. आणि हे तोंड कशानं पांढरं?”

मी सांगितलं.

“उंदीर असेल.”

“उंदीर शाईत बोरू बुडवत नाही, एमाहोय.”

ती काठी घेऊन माझ्याबरोबर आली. मी दगडावर बसलो, खरवडायला लागलो. आत आवाज आला. ती भिंतीला कान लावून उभी राहिली, बराच वेळ. तिच्या तोंडावरचं पाणी धुक्याचं होतं की कशाचं, मला कळलं नाही.

“माझ्या भावानं आयुष्यात एकच गोष्ट पुरी केली,” ती हळूच म्हणाली. “मरण. घराची भिंत अर्धी, लग्न अर्धं, मठात गेला तर तिथूनही अर्ध्या वर्षात परत. आता हे.”

“मग… काय करायचं?”

“चाळीस दिवस आत्मा इथेच घुटमळतो. चाळिसाव्याला त्याचा निवाडा होतो, मग तो कुणाच्या हाती लागत नाही. तीस-एकतीस दिवस उरले.” तिनं पदर सारखा केला. “मी त्याला चाळीस वर्षं जेवायला घातलं, अस्रात. मी दमले. आता तू बस त्याच्याजवळ. पुस्तक तुझ्याच बायकोचं आहे ना?”

“मला भीती वाटते, एमाहोय.”

“त्यालाही वाटत असेल. एकटाच आहे तो.”

ती गेली. पुन्हा काही ती तिकडे फिरकली नाही. रोज सकाळी इंजेरा, आमची आंबवलेली भाकरी, आणि थोडं भाजलेलं जव माझ्या दाराशी ठेवून जायची, तेवढंच.

मग माझं रोजचं सुरू झालं. सकाळी कड्यावर जायचं, खरवडायचं. अंधार पडायच्या आधी आवाज आपोआप थांबायचा. आमच्याकडचे लिहिणारे दिव्यापाशी लिहीत नाहीत, काजळी पानावर बसते. मेल्यावरही त्यांनी ती शिस्त मोडली नाही. मी रात्री माझ्या घरात निर्धास्त झोपायचो. भीती सगळी दिवसाची होती. भर दुपारी, पांढऱ्या उजेडात.

आणि एकटेपणाही दिवसाचाच. दोघं शेजारी बसलोय, मध्ये वीतभर मातीची भिंत, आणि तरी दोघंही एकटेच. मी कधी बोलायचो. आज शेळीला दोन पिल्लं झाली, आज ओढ्याला पाणी आलं. बोरू थोडा थबकायचा, ऐकल्यासारखा. मी मग पुन्हा तळहाताएवढा तुकडा बघायचो. एका कातड्याला तीन दिवस लागत. मी आत जाऊन लिहिलेलं उचलायचो, कोरं पसरायचो, डोळे खाली ठेवून बाहेर यायचो. कितीही खाली ठेवले तरी एक दिसायचंच. बसायच्या चामड्यावर मध्ये खळगा पडलेला असायचा. बसलेल्या माणसाच्या वजनाचा. मी उभा असतानाही तो भरून वर येत नव्हता.

दहातलं आठवं कातडं चालू असताना मला हिवताप भरला. दोन दिवस अंथरुणात गेलो. तिसऱ्या दिवशी पाय ओढत गेलो तेव्हा आत नुसता खोकला चालला होता. बारीक, थांबून थांबून, जसा ताकद संपलेल्याचा असतो. पान बघितलं. मला वाचता येत नाही, पण आकार कळतात. एकच ओळ पुन्हा पुन्हा लिहिली होती. वरपासून खालपर्यंत, प्रत्येक वेळी आधीपेक्षा लहान. शेवटची तर मुंगीच्या रांगेएवढी. आणि पुढे कोरं.

मी दगडावर बसलो. म्हटलं, आता नाही होत. तेवीस-चोवीस दिवस झाले मी कुणाशी बोललेलो नाही, मेलेल्याखेरीज. पुस्तक पुरं होऊन तरी काय? भोकं तर भोकंच राहणार. मेरिगेता जिवंतपणी जे म्हणाले होते, ते मला त्या दिवशी पटलं. माझ्याही आत ते गाढव येऊन बसलं.

तेव्हा भिंतीतून, अगदी माझ्या कानाला लागून, आवाज आला.

“खरवड… अस्रात… खरवड…”

मातीचा गार वास होता त्या आवाजाला. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. पण त्या आवाजात हुकूम नव्हता. अंधारात हात चाचपडावा तसा होता तो. मी रापी उचलली. डोळे मिटून तळहाताएवढा तुकडा. मग त्याच्या शेजारचा.

ती एकच ओळ लिहिलेलं पान मीच घासून कोरं केलं आणि परत पसरलं. गेलेले दोन दिवस भरून काढायला मी पहाटे उजाडताच जायला लागलो. अंगात ताप असायचा. खोकला दोघांनाही. तो थांबला की मी खोकायचो, मी थांबलो की तो.

चाळिसावा दिवस आला तेव्हा रानात पिवळी फुलं यायला लागली होती. दुपारपर्यंत शेवटच्या कातड्याची शेवटची ओळ झाली असावी, कारण बोरू खाली ठेवल्याचा आवाज आला. धुकं कड्याच्या टोकाशी येऊन उभं होतं. सूर्य मावळला की संपलं, हे मला ठाऊक होतं.

मी धीर केला. भिंतीला तोंड लावून म्हटलं, “मेरिगेता… तुम्ही जिथे आहात… तिथे ती भेटली का?”

मी भिंतीला कान लावला.

“जुने अब्बा असतील तिथे… तिची आई असेल. विचारा ना कुणालातरी… नाव…”

एक गिधाड कड्याखालून वर आलं आणि मला बघून वळलं. मग आत खोकला झाला, आणि बोरू दौतीत बुडाला. काळ्या शिंगात नाही. त्या शिंगाचा आवाज जाड होता. हा बारीक होता, तळाशी ठक् करणारा. तांबडं शिंग होतं ते. सहा वर्षांत मी तो आवाज एकदाही ऐकला नव्हता.

पानं उलटली. कोरड्या कातड्याची फडफड, मग बोरू. सात लहान थांबे, आमच्या लिपीतल्या एकेका अक्षराचा एक. फडफड. पुन्हा सात. पहिल्या पानापासून चालले होते ते, भोकामागून भोक भरत. मी रापी सोडली नाही. खरवडण्यासारखं त्या कातड्यावर काही उरलं नव्हतं, मी नुसताच हात फिरवत होतो आणि मोजत होतो. मोजणं मला येतं. एकशे सव्वीस वेळा. एकशे सव्विसाव्याला उजेड तांबूस झाला होता, आणि मग आवाज असा बंद झाला, जसा कुणी दिवा फुंकावा.

आत गेलो तेव्हा दोन्ही शिंगं कोरडी. पानं एकावर एक नीट लावलेली. बसायच्या चामड्यातला खळगा भरून आला होता.

ती पानं मी उराशी धरून नव्या अब्बांकडे नेली. अब्बा दाम्ते त्यांचं नाव. तरुण माणूस, पण माझी कबुली तेच ऐकतात. त्यांनी पानं चाळली, पुन्हा चाळली. “अक्षर लाकेवांचंच आहे,” म्हणाले. “पण अस्रात, नाव त्यांना कुणी सांगितलं?”

“काय लिहिलंय, अब्बा?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मेलेल्या माणसाचं नाव सांगायला आता हरकत नव्हती. “वेलेत्ते हिवोत.”

लांब सुरू झालं. मध्ये थोडं अडखळलं. मऊ सुटलं. झऱ्यावरचा तोच श्वास. बावीस वर्षांनी मी माझ्या बायकोला ओळखलं.

अब्बा शेवटचं पान बघत होते. “इथे लाकेवांचं नाव आहे. त्याच्या पुढे एक जागा मोकळी सोडलीये. तुझी असेल. घालू का मी?”

“राहू द्या,” मी म्हटलं.

पुस्तक बांधलं, चर्चच्या भांडारात कुलूप लावून ठेवलं. किल्ली अब्बांकडे. वर्षातून एकदा, वुबेच्या दिवशी उघडायचं. चाळिसाव्या दिवसानंतर कुणी परत येत नाही, असं आमच्यात सगळेच म्हणतात.

पहिल्या वर्षी उघडलं तेव्हा त्या मोकळ्या जागेत एक अक्षर होतं. तांबडं.

“तुम्ही लिहिलंत, अब्बा?”

त्यांनी क्रूसावर हात ठेवून नाही म्हटलं. दुसऱ्या वर्षी दुसरं अक्षर. तिसऱ्या वर्षी तिसरं. अब्बांनी मला समजावलं, “घाबरू नकोस. गावातल्या निम्म्या पुरुषांच्या नावाची सुरुवात याच तीन अक्षरांनी होते. कुणाचंही असेल.”

खरं आहे. माझ्या बाप्तिस्म्याच्या नावात सात अक्षरं आहेत, आणि पहिली तीन निम्म्या गावाची आहेत. चौथ्यापासून ते माझं एकट्याचं होतं.

घरी आल्यावर मी विचार केला. मेरिगेतांना एकट्यानं लिहायला जमत नाही. कुणी खरवडत असलं तरच त्यांचा बोरू चालतो. मी त्याच दिवशी रापी नेऊन अब्बांच्या हाती दिली, चौकट मोडून चुलीत घातली. माझ्या बापाची चौकट होती. तेव्हापासून वर्षभर मी एकाही कातड्याला हात लावलेला नाही. एमाहोय बिर्के म्हणाली, “आता तुझा वास येईनासा झाला, चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.” मी हसलो. संध्याकाळी हात मांडीवर ठेवून बसायचो, तर हातांना ते कळायचं नाही. आपलेच हालत राहायचे.

मागच्या आठवड्यात वुबेचा दिवस होता. अब्बांनी पुस्तक उघडलं, शेवटचं पान बघितलं आणि पटकन मिटलं. माझं नाव ठाऊक असलेला जिवंत माणूस आता तो एकच.

“अस्रात,” ते हळूच म्हणाले, “तुझं नाव तू… कुणाला सांगितलंस का?”

“नाही, अब्बा.”

“आणि… खरवडलंस?”

“रापी तुमच्याकडेच आहे ना?”

ती त्यांच्याकडेच होती. फडक्यात गुंडाळलेली, गंज चढलेली.

काल दुपारी कड्याखालून धुकं चढलं. मी काठी घेतली आणि गेलो. झोपडीचं छप्पर केव्हाच पडलंय, भिंत तेवढी उभी आहे. शाईचा आंबूस वास लांबूनच आला. आत बोरू चालला होता, सावकाश, न थकता. आणि भिंतीच्या बाहेर, माझ्या दगडाच्या अंगाला, जिथे चौकट नाही, कातडं नाही, काही नाही, तिथून खरवडण्याचा आवाज येत होता.

मी पुढे गेलो नाही. तिथेच उभा राहून ऐकत राहिलो.

दोन आखूड, एक लांब.